जुन्या डबल रायफली आणि आयातीचे बंद दार

शेजारी शेजारी जोडलेल्या दोन नळ्या, प्रत्येक नळीसाठी वेगळा चाप आणि वेगळी यंत्रणा, आणि नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, अशी रचना असलेल्या शिकारी रायफलीला डबल रायफल म्हणतात. दिसायला ती छऱ्यांच्या दुनळी बंदुकीसारखीच असली तरी तिचे काम वेगळे आहे, कारण ती उडत्या पाखरासाठी नसून गवा, हत्ती किंवा जखमी वाघ यांसारख्या अंगावर येणाऱ्या जनावरासाठी घडवलेली असते. पहिला बार चुकला किंवा पुरेसा ठरला नाही तर खटका मागेपुढे न ओढता, नजर न हलवता, केवळ बोट दुसऱ्या चापावर नेऊन दुसरा बार काढता यावा, हे तिचे मूळ प्रयोजन होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत लंडन आणि बर्मिंगहॅम येथील कारागिरांनी अशा रायफली मोठ्या कष्टाने घडवल्या, आणि त्यांतील फार मोठा हिस्सा भारतासाठी होता. आज त्याच रायफली ब्रिटन आणि अमेरिकेतील लिलावांत, पूर्वीच्या भारतीय मालकाच्या नावासह, उघडपणे विकल्या जातात. मात्र बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवर राहणाऱ्या एखाद्या मराठी संग्राहकाला त्यांपैकी एखादी विकत घेऊन घरी आणावयाची झाल्यास त्याच्यापुढील वाट जवळजवळ बंद असते.

सर्जापूर रोडचा उल्लेख येथे सहेतुक आहे. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या वाढीबरोबर पुणे, मुंबई, नागपूर आणि कोल्हापूरकडील अनेक मराठी कुटुंबे बेंगळुरूच्या या आग्नेय भागात स्थायिक झाली, आणि अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये काही वर्षे काढून परतणाऱ्यांचीही येथे वस्ती आहे. परदेशात कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक घरसामानाबरोबर आणता येईल काय, हा प्रश्न अशाच कुटुंबांपुढे उभा राहतो. शिवाय सर्जापूर ज्या आनेकल तालुक्यात आहे त्याच्या दक्षिणेला तमिळनाडूतील तळी आणि जवळगिरीचे रान पसरलेले आहे, जेथील नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या कथा बेंगळुरूचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांनी जगभर पोहोचवल्या. अँडरसन यांची आवडती रायफल मात्र डबल नव्हती, ती .४०५ व्यासाची, खालचा दांडा ओढून भरावयाची अमेरिकन विंचेस्टर होती. नोकरी करून शिकार करणाऱ्या बहुतेकांना चांगली डबल रायफल परवडत नसे, आणि म्हणूनच तिचा इतिहास प्रामुख्याने संस्थानिकांचा आणि बड्या अधिकाऱ्यांचा इतिहास ठरला.

तिच्या किमतीचे कारण नक्षीकामात किंवा दस्त्याच्या अक्रोडाच्या लाकडात शोधू नये. खरे कौशल्य दोन नळ्या जुळवण्यात असते. उजव्या नळीतून बार निघताना गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वीच रायफल किंचित वर आणि उजवीकडे उसळते, डाव्या नळीच्या वेळी ती डावीकडे उसळते. त्यामुळे नळ्या तंतोतंत समांतर ठेवल्या तर दोन्ही गोळ्या एकमेकींपासून दूर पडतात. हे टाळण्यासाठी कारागीर नळ्या पुढच्या टोकाकडे अगदी थोड्या एकमेकींकडे झुकवून डाखाने जोडतो, प्रत्यक्ष बार काढून पाहतो, डाख तापवून सैल करतो, टोकामधील पाचर किंचित सरकवतो आणि पुन्हा बार काढतो, आणि ठरलेल्या अंतरावर, साधारणतः पन्नास ते शंभर यार्डांवर, दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी बसेपर्यंत हे चालू राहते. ही जुळणी एका ठराविक वजनाच्या गोळीसाठी आणि दारूच्या ठराविक मात्रेसाठीच खरी असते. काडतूस बदलले की दोन नळ्यांचे जमलेले मत मोडते, आणि म्हणूनच जुन्या डबल रायफलीच्या यंत्रणेवर मूळ काडतुसाचा तपशील कोरलेला आढळला तर तो संग्राहकासाठी सोन्याच्या नक्षीपेक्षा अधिक मोलाचा असतो.

या तपशिलात भारताचे हवामानही शिरलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या धूर न करणाऱ्या स्फोटकाने घेतली, आणि १८९८ मध्ये रिग्बी या कंपनीने .४५० व्यासाचे नायट्रो एक्सप्रेस काडतूस बाजारात आणल्यावर आधुनिक डबल रायफलीचे युग सुरू झाले. कॉर्डाइटचा दोष असा की उन्हात तापलेल्या काडतुसातील दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत निर्धोक असलेली मात्रा मध्य भारतातील मे महिन्याच्या शिकारीत त्रासदायक ठरू शकते, कारण फुगलेले पितळी कवच नळीच्या मागच्या टोकाशी अडकून बसते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी रायफल उघडत नाही. म्हणून भारतासाठी कमी मात्रेची, उष्ण प्रदेशासाठीची म्हणून ओळखली जाणारी काडतुसे बनवली गेली आणि अनेक रायफलींची जुळणीही त्यांवरच केली गेली.

त्याहून खोल ठसा भारताच्या राजकारणाने उमटवला. १८५७ चा उठाव राज्यकर्त्यांच्या स्मरणातून कधीच गेला नाही. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या हत्यार कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास बंदी केली, तर युरोपीय लोकांना त्यातून सूट दिली, आणि हा भेद पुढे राष्ट्रीय सभेच्या तक्रारींत सातत्याने मांडला गेला. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० व्यासाच्या रायफली आणि काडतुसे भारतात आणण्यास मनाई केली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीचा व्यास त्याच्या जवळचा होता आणि बाहेरून येणाऱ्या शिकारी काडतुसांतील गोळ्या बंडखोरांच्या हातातील जुन्या लष्करी शस्त्रांना लागू पडतील, ही त्यामागील धास्ती होती. भारतासारखे गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून इंग्रज कारागिरांनी व्यास थोडाथोडा बदलला, आणि त्यातून हॉलंड अँड हॉलंडचे .४६५, जोसेफ लँगचे .४७०, वेस्टली रिचर्ड्सचे .४७६ अशी काडतुसे प्रचलित झाली. आज आफ्रिकेतील शिकारी ज्या .४७० व्यासाला डबल रायफलीचे आदर्श माप मानतात, त्याच्या लोकप्रियतेमागे भारतातील सरकारी भीतीचा एवढा मोठा हात आहे, ही गोष्ट भारतीय वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचलेली आहे.

ही भीती पूर्णतः निराधार नव्हती, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १९०९ मध्ये लंडनमधील इंडिया हाऊसमधून विनायक दामोदर सावरकर यांनी चतुर्भुज अमीन यांच्या सामानातून वीस ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली, आणि त्यांतीलच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला. पुढे २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रॉडा अँड कंपनी या बंदूक विक्रेत्याने रीतसर आयात केलेल्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले आणि सुमारे सेहेचाळीस हजार काडतुसे क्रांतिकारकांनी सीमाशुल्क कचेरीपासून गोदामापर्यंतच्या वाटेतच पळवली. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक बंदुकीकडे संशयाने पाहण्याची शासकीय वृत्ती अशा घटनांनी पक्की झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती मावळली नाही.

संस्थानिकांना मात्र हत्यार कायद्यातून सूट होती, आणि त्यांच्या शिलेखान्यांतून इंग्रजी रायफलींचे मोठे संग्रह तयार झाले. मराठी संस्थानांपुरते पाहिले तर ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे शिवपुरीचे रान आणि कोल्हापूरच्या छत्रपतींचे राधानगरी-दाजीपूरचे रान ही शिकारीसाठी राखलेली दोन महत्त्वाची क्षेत्रे होती. दाजीपूरचे जंगल गव्यांचे आहे, आणि एक टनाच्या आसपास वजन भरू शकणारा पूर्ण वाढीचा गवा हे जाड व्यासाच्या रायफलीचे खरेखुरे कारण होते; .४७० काडतुसातील गोळीचे वजन ५०० ग्रेन म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम असते आणि ती सेकंदाला साडेसहाशे मीटरच्या आसपास वेगाने निघते, तर तिला पेलणाऱ्या रायफलीचे वजन साडेचार ते पाच किलो भरते. हेच दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे एकाच छताखाली पाहावयास मिळतात. शिकारखान्याची जुनी व्यवस्था, हाकारे, माचणे आणि त्यामागील प्रचंड मनुष्यबळ यांची कल्पना येण्यासाठी तो संग्रह आजही उपयोगी आहे.

या परंपरेचा शेवट काही वर्षांच्या अंतरातच झाला. १९७१ च्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि विशेषाधिकार रद्द झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कठोर बंधने घातली. उत्पन्न आटले, उपयोग संपला, आणि त्याच सुमारास पाश्चात्त्य संग्राहकांची मागणी वाढू लागली. परिणामी भारतातील कित्येक उत्तम डबल रायफली विक्रेत्यांमार्फत परदेशी गेल्या. हा प्रवाह उलटा वळवण्याची इच्छा आजच्या संग्राहकाला होणे स्वाभाविक आहे, परंतु कायदा तिला फारच थोडी जागा देतो.

१९५९ च्या हत्यार कायद्याच्या दहाव्या कलमानुसार समुद्र, जमीन किंवा हवाई मार्गाने कोणतेही शस्त्र भारतात आणण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा आणि आयातीचा वेगळा, हा भेद अनेकांच्या ध्यानात येत नाही. ऐंशीच्या दशकापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात व्यवहारतः बंद आहे. सवलत आहे ती मुख्यतः नामांकित नेमबाजांना, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धांत ठराविक पात्रता मिळवलेल्या खेळाडूंना, आणि तीही त्यांच्या क्रीडाप्रकाराला लागणाऱ्या शस्त्रांसाठी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवणारे स्वप्निल कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे आहेत, आणि त्यांच्यासारख्या खेळाडूंना आधुनिक परदेशी रायफल वेळेवर मिळावी हाच या सवलतीचा न्याय्य हेतू आहे. डबल रायफलीचा कोणताही ऑलिंपिक क्रीडाप्रकार नाही, त्यामुळे हे दार तिच्यासाठी उघडत नाही.

उरते ते कायमच्या वास्तव्यासाठी परतणाऱ्या नागरिकाचे दार. सीमाशुल्क खात्याच्या प्रवासी सामानविषयक नियमांनुसार एरवी सामानातून बंदूक आणण्यास मनाई असली, तरी परदेशातील वास्तव्य संपवून भारतात स्थलांतर करणाऱ्या व्यक्तीला अनुज्ञेय व्यासाची एक बंदूक शुल्क भरून आणता येते. मात्र ती परदेशात किमान एक वर्ष त्याच्या ताब्यात व वापरात असली पाहिजे, भारतातील वैध परवाना त्याच्याजवळ असला पाहिजे, आणि सोडवून घेतल्यावर ती त्याला विकता, उसनी देता किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित करता येत नाही. ही शेवटची अट संग्राहकाने विशेष लक्षपूर्वक वाचावी, कारण अशा रायफलीत गुंतवलेले पैसे पुन्हा मोकळे होण्याची आशा त्याला ठेवता येत नाही.

परवान्याचा अर्ज कोठे करावयाचा हे पत्त्यावर अवलंबून असते, आणि सर्जापूर रोडसारख्या शहराच्या कडेला वाढत गेलेल्या रस्त्यावर ही बाब आधी तपासून घ्यावी लागते: पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्याचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो, हद्दीबाहेर राहणाऱ्याचा जिल्हाधिकाऱ्यांकडे, ज्यांना कर्नाटकात उपायुक्त म्हणतात. व्यास निषिद्ध गटात मोडतो की अनिषिद्ध, हे ठरवून घेणे ही त्यापुढची पायरी होय. लष्करी काडतूस चालू शकेल असे .३०३ सारखे व्यास निषिद्ध मानले जातात आणि त्यांचा परवाना केवळ केंद्रीय गृहमंत्रालय देऊ शकते. विदेशात पैसे मोजण्यापूर्वी या दोन्ही बाबींवर संबंधित कार्यालयाचे लेखी उत्तर हाती असणे हाच शहाणपणाचा क्रम आहे; रायफल विमानतळावर येऊन पोहोचल्यावर सुरू केलेली धडपड बहुधा जप्तीत संपते. कर्नाटकातच कोडगूमधील कोडव समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे व केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे, परंतु ती सूट बाळगण्यापुरती असून आयातीशी तिचा संबंध नाही.

परदेशातच राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा व्यवहार तुलनेने सोपा आहे. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात १८९८ पर्यंत घडवलेल्या बंदुका प्राचीन वस्तू मानल्या जातात, पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका संग्राह्य वस्तूंच्या गटात येतात, आणि या दुसऱ्या गटातील बंदुकांच्या आयातीसाठी तेथील सरकारची आगाऊ अनुमती घ्यावी लागते. ब्रिटनमधून बाहेर नेताना शस्त्रनिर्यातीचा परवाना लागतोच, शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या आणि ठराविक किमतीपेक्षा महाग वस्तूला सांस्कृतिक वस्तू म्हणून वेगळी अनुमती लागू शकते. जुन्या रायफलीच्या पुढच्या नेमबिंदूसाठी हस्तिदंत वापरलेले असल्यास, तो मण्याएवढा तुकडाही वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली संपूर्ण माल अडवून धरू शकतो.

खरेदीच्या वेळी काय पाहावे, याबाबत जाणकारांत फारसे दुमत नाही. लंडन आणि बर्मिंगहॅम येथे नळ्यांची दाबचाचणी करणाऱ्या दोन अधिकृत संस्था आहेत आणि चाचणीत टिकलेल्या नळीवर त्यांचा शिक्का असतो. तो काळ्या दारूसाठीचा आहे की नायट्रो म्हणजे धूररहित दारूसाठीचा, हे ओळखता आलेच पाहिजे, कारण काळ्या दारूच्या नळीत आधुनिक काडतूस घातल्यास नळी फुटून चालवणाऱ्याचा हात किंवा डोळा जाऊ शकतो. नळ्या आणि यंत्रणा यांचा सांधा हलवून पाहिल्यावर खुळखुळत असेल, नळ्यांमधील पट्टीचा डाख सुटलेला असेल किंवा नळीत कॉर्डाइटमुळे झिजलेल्या खाचा दिसत असतील, तर नाव कितीही मोठे असले तरी सावध राहावे. यंत्रणेचे दोन मुख्य प्रकार आहेत: वेस्टली रिचर्ड्सच्या अँसन आणि डीली यांनी १८७५ मध्ये सिद्ध केलेली, पेटीसारख्या एका ठोकळ्यात बसणारी साधी व भक्कम यंत्रणा, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेली, अधिक नाजूक व महाग यंत्रणा. जिम कॉर्बेट यांची डब्ल्यू. जे. जेफरी कंपनीची .४५०/४०० व्यासाची डबल रायफल पहिल्या, साध्या प्रकारची होती. प्रत्यक्ष जंगलात नरभक्षकाच्या मागावर असणाऱ्या माणसाला तीच पुरेशी वाटली, हे मोठ्या किमतींच्या मोहात पडलेल्या खरेदीदाराने विसरू नये.

काडतुसांचा प्रश्न तर स्वतंत्रच आहे. किनॉक कंपनीने साठच्या दशकात या जाड व्यासांची काडतुसे बनवणे हळूहळू थांबवले आणि कित्येक रायफली मुक्या झाल्या. नव्वदच्या दशकात त्याच नावाने उत्पादन पुन्हा सुरू झाले तेव्हा पाश्चात्त्य बाजारात त्यांना पुन्हा मागणी आली. भारतात पुण्याजवळच्या खडकी येथील, १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची .३१५ आणि छऱ्यांची काडतुसे परवानाधारकांच्या परिचयाची आहेत, परंतु .४६५ किंवा .४७० सारखी काडतुसे येथे बनत नाहीत. त्यामुळे सर्व अडथळे ओलांडून डबल रायफल भारतात आलीच, तरी तिचा बार ऐकू येण्याची शक्यता कमीच.

याच कारणाने भारतात आधीपासून असलेल्या रायफलींकडे पाहण्याची गरज अधिक आहे, कारण बाहेरून नव्या येणार नाहीत आणि असलेल्या झपाट्याने कमी होत आहेत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. मूळ विधेयकात ती एकच होती, परंतु वडिलोपार्जित शस्त्रांचा मुद्दा उपस्थित झाल्यावर ती दोन करण्यात आली. ज्या घरात आजोबांची डबल रायफल, वडिलांची दुनळी आणि आणखी एखादे शस्त्र आहे, तेथे काहीतरी जमा करावेच लागते, आणि पोलीस ठाण्याच्या कोठारात दमट हवेत पडून राहिलेल्या रायफलीच्या नळ्यांना गंज चढण्यास एक पावसाळा पुरतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी मात्र मालकाच्या मृत्यूनंतर, तसेच मालक सत्तर वर्षांचा झाल्यावर किंवा पंचवीस वर्षे परवाना बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला परवाना मिळण्याची तरतूद केली आहे, आणि कुटुंबात दोन-तीन वारस असल्यास वेळेवर केलेली विभागणी अनेक शस्त्रे वाचवू शकते. दुरुस्त करूनही कधीच चालू शकणार नाही अशा जुन्या शस्त्राला कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमाखाली सूट मिळू शकते. चालू स्थितीतील रायफलीला केवळ वयामुळे ती मिळत नाही.

शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू १९७२ च्या प्राचीन वस्तूविषयक कायद्याच्या कक्षेत येते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९०७ च्या बंदीनंतर भारतासाठी घडलेल्या पहिल्या पिढीतील रायफलींनी ही शंभरी केव्हाच ओलांडली आहे. त्यांपैकी ज्यांच्यावर क्रमांक शाबूत आहे त्यांची जन्मकथा अजून शोधता येते, कारण रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स आणि हॉलंड अँड हॉलंड यांसारख्या कंपन्यांच्या जुन्या नोंदवह्यांत प्रत्येक क्रमांकापुढे मूळ खरेदीदाराचे नाव, नळ्यांची लांबी, जुळणीसाठी वापरलेले काडतूस आणि रवानगीची तारीख लिहिलेली असते, आणि विनंती केल्यास शुल्क घेऊन त्या नोंदींचा लेखी उतारा मिळू शकतो. कोल्हापूर, ग्वाल्हेर, बडोदे, सांगली, जत किंवा सावंतवाडीकडील एखाद्या घरात अशी रायफल असल्यास परवान्याच्या कागदांबरोबर हा उताराही जपून ठेवावा, आणि परवाना टिकवणे शक्य नसेल तेव्हा ती वितळवण्यासाठी जाण्यापूर्वी एखाद्या सरकारी संग्रहालयाकडे त्या उताऱ्यासह लेखी प्रस्ताव पाठवावा.